मेत्रे सरांची कारभारीण

“तुला मी बोलवलो न्हाई.”

मेत्रे सरांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. उदगीरहून पॅसेंजरनं येऊन मी नुकतीच स्टेशनावर उतरले होते. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात गादीची वळकटी आणि खांद्याला जाळीच्या पिशवीत माझा स्वतःचा बॉल. समोर एक उंचेपुरे, साठीकडं झुकलेले गृहस्थ उभे होते. अंगातला निळा ट्रॅकसूट धुऊन धुऊन पांढुरका झालेला. त्यांनी खात्रीसाठी माझं नाव विचारलं, ट्रंक उचलली आणि चालता चालता हे सांगितलं. मी थांबले तसे तेही थांबले. म्हणाले, “तुला सेक्रेटरी आणलेत. मी नको म्हणलो होतो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापरीस माझ्याकडून कळावं म्हणून सांगायलोय. आता चल, आधी कायतरी खाऊन घे.”

स्टेशनासमोरच्या हॉटेलात त्यांनी माझ्यासाठी सुसला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, आणि मिरची भजी मागवली. परत जाणारी गाडी किती वाजता आहे, हे विचारावं असं मनात येत होतं. त्यांनी खेळाचा विषयच काढला नाही. घरी कोण कोण आहे, आई कशी आहे, वडील शिलाईचं काम करतात तर दुकान घरातच आहे की बाहेर, असलं विचारत राहिले. माझी बशी रिकामी झाली तशी न विचारता दुसरी मागवली. नको असलेल्या माणसाला इतक्या आग्रहानं खाऊ घालणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मी तिथं का आले होते, ते सांगायला हवं. उदगीरला बी.ए. करताना मी व्हॉलीबॉलच्या संघात लिफ्टर होते. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. मागच्या पोरी समोरून आलेला बॉल कसाबसा वर काढतात. तो नेटपाशी उभ्या असलेल्या लिफ्टरकडे येतो. तिनं तो बोटांवर घेऊन अशा जागी उचलून द्यायचा की मारणारीला, म्हणजे शूटरला, उडी घेऊन तो पलीकडे हाणता यावा. टाळ्या शूटरला मिळतात. पण कुणाला बॉल द्यायचा, किती उंच द्यायचा, समोरच्यांना कसं फसवायचं, हे सगळं लिफ्टरच्या हातात असतं. मी त्यात चांगली होते. विद्यापीठाच्या संघातून बाहेरच्या राज्यात जाऊन खेळून आले होते. बी.ए. झाल्यावर वडील म्हणाले, पुरे झालं शिक्षण. त्याच सुमाराला सीमेपलीकडच्या बीदर जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या सेक्रेटरींचा माणूस घरी आला. त्या कॉलेजचं नाव मी लिहीत नाही, तिथं आजही ओळखीची माणसं नोकरी करतात. तो म्हणाला, आमच्याकडं एम.ए. करा, फी माफ, हॉस्टेल फुकट, फक्त आमच्याकडून खेळा. वडिलांना नाही म्हणायला जागा उरली नाही आणि मला शिकायला मिळालं. तिथं माझ्या जागेवर आधीच कुणीतरी उभी असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मेत्रे सर मूळचे खटकचिंचोळीचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. लहानपणी त्यांनीही ती राखली होती आणि रानात चिंध्यांचा चेंडू करून खेळत खेळत ते शाळेच्या, मग कॉलेजच्या संघात गेले. पुढं याच कॉलेजात खेळाचे शिक्षक झाले. त्यांच्या तोंडात तीन भाषा होत्या आणि प्रत्येकीला वेगळं काम नेमून दिलेलं होतं. रागावले की दखनी उर्दू. हातातून बॉल निसटला की मागून ऐकू यायचं, “क्या जी, हाथां में मेंदी लगा को आई क्या?” खूश झाले की कन्नड, आणि तेही एवढंच, “छलो आत नोड.” बरं झालं बघ. काही समजावून सांगायचं असलं की मात्र मराठी, हळू आवाजात, जवळ बोलावून. त्यामुळं मैदानाच्या पार टोकाला उभ्या असलेल्या पोरीलाही भाषेवरून कळायचं, आपलं काय झालंय ते.

लिफ्टरला ते लिफ्टर म्हणत नसत. कारभारीण म्हणत. “घरात कारभारीण असती बग,” ते सांगायचे. “कुणाला भूक लागली, कुणाचं दुखायलंय, कोण रुसून बसलंय, तिला न बघता कळतंय. तिच्या हातचं सगळे खातेत. तिला कोण वाढत न्हाई.” अशी कारभारीण ते दर काही वर्षांनी नव्यानं घडवत. खेड्याखेड्यांतल्या हायस्कुलांत जाऊन मैदानाच्या कडेला बसून राहत आणि एखादी पोर हेरत. तिच्या घरी चारदा जाऊन, आईबापांना पटवून तिला कॉलेजात आणत. पहिले काही महिने तिला बॉल क्वचितच मिळे. तिला मैदानाच्या मधोमध उभं करून डोळे मिटायला लावत आणि विचारत, तुझ्या मागं कोण हाय, ती कुठल्या पायावर उभी हाय. चुकली की डोळे उघडून बघायला लावत आणि पुन्हा मिटायला. अशी ती तिसऱ्या वर्षी कुठं तयार होई, आणि तयार झाली की पदवी घेऊन, नाहीतर लग्न होऊन निघून जाई. मग सर पुन्हा हायस्कुलांच्या वाटेला लागत.

सेक्रेटरींचं म्हणणं मला आज पूर्ण चुकीचं वाटत नाही. कलबुर्गीचं एक कॉलेज दरवर्षी विद्यापीठ स्पर्धेची ढाल न्यायचं. ते तयार पोरी आणत, हैदराबादकडच्या, सोलापूरकडच्या. आमचा संघ फार तर उपांत्य सामन्यापर्यंत जाई आणि हरे. सेक्रेटरी म्हणत, तुमची पोर पिकेपर्यंत हंगाम संपतो, मेत्रे. पेपरात फोटो आला तर चार आईबाप आपल्या पोरी इथं पाठवतील, त्यात पोरींचंच भलं आहे. सरांचं उत्तर ठरलेलं असे. आणलेली पोर खेळून निघून जाते, मागं काही राहत नाही. घडवलेली निघून गेली तरी तिचं बघून गावातली दुसरी येते. हे भांडण मी येण्याच्या आधी कितीतरी वर्षं चाललेलं होतं. मी आले आणि ते मैदानात येऊन उभं राहिलं.

त्या वर्षीची त्यांची कारभारीण होती रेणुका. हळ्ळीखेडची. आईबाप दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचे आणि थोडी स्वतःची जमीन कसायचे. ठेंगणी, शांत, बोलताना खाली बघणारी. तिचं ते तिसरं आणि शेवटचं वर्ष होतं. मी पहिल्यांदा मैदानात आले तेव्हा माझ्या बोटांतून निघणारा बॉल ती एकटक बघत होती. सराव संपल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “अक्का, पाठीमागं द्यायचा बॉल मलाबी शिकवतीस का?” मला वाटलं होतं, ही माझ्याशी बोलणार नाही. हॉस्टेलवर तिचीच खोली मला मिळाली. ती कुणी मुद्दाम दिली होती का, हे मी कधी विचारलं नाही.

सरावात मी हळूहळू गोंधळले. माझा बॉल स्वच्छ जाई, वेगानं जाई, आणि तरी शूटर पोरी उशिरा पोहोचत. अंबिका नावाची आमची उंच शूटर तर हवेतच हात फिरवून खाली येई. मला वाटे, या पोरींनाच जमत नाही. सर पंधरा दिवस काही बोलले नाहीत. मला ते नावानं हाक मारत नसत, “ए उदगीर” म्हणत. एका संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि मराठीत बोलायला लागले, तेव्हाच मी सावध झाले.

“उदगीर, तुजा बॉल लई चांगला हाय,” ते म्हणाले. “पर तो उदगीरच्या पोरींसाठी हाय. त्या पोरी इथं न्हाईत.”

त्यांनी मला विचारलं, अंबिकाला उजव्या बाजूचं कमी दिसतं, हे तुला माहीत आहे का. मला माहीत नव्हतं. चष्मा घातला तर पाहायला आलेले लोक नाकारतील म्हणून तिची आई तो घालू देत नव्हती. रेणुका तिला बॉल थोडा डावीकडून आणि उंच देई. ते बघून मी मनात म्हटलं होतं, हिचा नेम कच्चा आहे.

त्यानंतर मी रेणुकाकडून शिकायला लागले आणि ती माझ्याकडून. ती मला पोरी शिकवायची, मी तिला बॉल. पाठीमागं द्यायचा, झपकन द्यायचा, उडी मारून द्यायचा. एका रविवारी ती मला हळ्ळीखेडला घरी घेऊन गेली. तिच्या आईनं ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी केली होती. तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली रेणुकाची दोन प्रशस्तिपत्रं काचेत घालून लावलेली. तिची आई मला म्हणाली, ही शाळेत होती तेव्हा मेत्रे सर आमच्या दारात आले होते, आम्ही नको नको म्हणालो तरी परत परत येत राहिले. विद्यापीठाच्या संघात नाव लागलं तर पोलीस भरतीत उपयोग होतो, असं त्यांनी सांगितलंय. तेवढं झालं की हिच्या बापाचं दुसऱ्याच्या बांधावर जाणं सुटेल. आपल्या पोरीच्या जागेवर मी आलेय, हे त्या माउलीला ठाऊक होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही. निघताना तिनं माझ्या पिशवीतही शेंगा भरल्या.

येळवस आली. आमच्याकडच्या शेतकऱ्यांचा हा सण. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जाऊन जेवतं. सरांनी अख्ख्या संघाला खटकचिंचोळीच्या आपल्या शेतात बोलावलं होतं. त्यांच्या बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, पहाटेपासून खपत होत्या. सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली थंडगार आंबील. जेवणं झाल्यावर पोरींनी हरभऱ्याच्या कडेच्या रिकाम्या जागेत दोरी बांधली आणि साड्या-ओढण्या खोचून खेळायला लागल्या. मी हसत, बोलत, कशाचाही विचार न करता बॉल देत होते. अंबिकानं सलग मारले आणि एकही वाया गेला नाही. बांधावर आंबील पीत बसलेले सर एकदम म्हणाले, “छलो आत नोड, वैशाली.” त्यांनी माझं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग कलबुर्गीच्या स्पर्धा आल्या. पहिले सामने मी खेळले आणि आम्ही जिंकत गेलो. उपांत्य सामनाही मीच खेळले. इतक्या वर्षांत आमचं कॉलेज पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचलं होतं, समोर तेच ढाल नेणारं कॉलेज. सेक्रेटरी स्वतः गाडी करून आले होते. सामन्याच्या दिवशी सकाळी सर मला मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. रेणुकाला त्यांनी आधीच सांगितलं होतं. आज ती खेळणार होती.

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. मग राग आला, आणि तो मी लपवला नाही.

“सर, तिच्यापरीस मी चांगली खेळतेय. तुमालाबी माहीत हाय.”

“व्हय. माहीत हाय.”

“मग कामून?”

त्यांनी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला. “तू पुढच्या सालीबी हाईस. तिचा ह्यो शेवटचा सामना. निवड करणाऱ्यांनी तुला बघितलंय, तिला आज बघतील. तीन वरीस तिला सांगत आलो, ह्ये घर तू चालवायचं. आता घरात पाव्हणे आले म्हणून तिला चुलीपासून उठवू का?”

“म्हंजे मी पाव्हणी.”

त्यांनी बशी बाजूला सारली. म्हणाले, सेक्रेटरींनी त्यांना बजावलं होतं की वैशाली खेळली नाही तर तिला पोसायचं कारण काय. त्याचं बघायचं मी बघतो, तू त्याची काळजी करू नकोस. मी चहा न पिता उठून गेले.

सामना मी बाकावर बसून पाहिला. पहिला सेट रेणुका घाबरून खेळली आणि आम्ही हरलो. दुसरा जिंकलो. तिसऱ्यात पुन्हा मागं पडलो. चौथ्या सेटमध्ये तिच्या हातून लागोपाठ दोन बॉल सुटले आणि तिनं बाकाकडं वळून माझ्याकडं बोट दाखवलं. हिला घ्या. मी उठूनही उभी राहिले. मागून सेक्रेटरी मोठ्यानं काहीतरी म्हणत होते. सरांनी वेळ मागून घेतला आणि रेणुकाला जवळ बोलावलं. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

“दमलीस का भ्यालीस?” त्यांनी विचारलं.

रेणुका खाली बघत होती. “भ्याले.”

“दमली असतीस तर बदलून टाकलो असतो. भ्याल्यावर बदलत न्हाई. जा.”

ती गेली. चौथा सेट तिनं जसा खेळला तसा मी तिला आधी कधी खेळताना पाहिलं नव्हतं. मी शिकवलेला पाठीमागचा बॉल तिनं अंबिकाला दिला, डावीकडून, उंच, आणि समोरच्या पोरी जागच्या जागी उभ्या राहिल्या. तो सेट आम्ही घेतला. माझा राग गेला नव्हता, पण मी बाकावर उभी राहून ओरडत होते. पाचव्या सेटमध्ये त्या तयार पोरींनी आम्हाला दाद दिली नाही. आम्ही हरलो. मी खेळले असते तर जिंकलो असतो का? मला तेव्हाही वाटलं होतं की हो, आणि आजही तसंच वाटतं. सरांना एकदा मी हे बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, मलाही तसंच वाटतं.

संध्याकाळी विद्यापीठाच्या संघाची नावं लागली, त्यात रेणुकाचं होतं. माझंही होतं. घरी कळवायला म्हणून ती सरांचा मोबाईल घेऊन एका झाडाखाली गेली आणि बराच वेळ नुसती रडत राहिली. स्पीकरवर तिची आई काय झालं, काय झालं विचारत होती, ते आम्हाला लांबून ऐकू येत होतं.

परत आल्यावर आठवड्याभरात हॉस्टेलच्या बाईंनी मला सांगितलं की तुमची सवलत बंद झाली आहे. मी ट्रंक भरायला घेतली. वडिलांना काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत होते. दुपारी सर मोटारसायकल घेऊन आले, मागं काकू बसलेल्या. काकू खोलीत आल्या, माझी गादी गुंडाळली आणि म्हणाल्या, आमच्याकडं एक खोली रिकामी आहे, लेकीचं लग्न झाल्यापासून. हो-नाही विचारलंच नाही. फी सरांनी कशी भागवली, हे मला त्यांनी कळू दिलं नाही. पुढचं दीड वर्ष मी खटकचिंचोळीहून बसनं कॉलेजला जात-येत होते. पहिल्याच दिवशी जेवताना सर मान खाली घालून म्हणाले, “कलबुर्गीला तुला पाव्हणी म्हणलो. ते चुकलं माझं.” काकूंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, आता जेवा. त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

पुढच्या वर्षी संस्थेनं व्हॉलीबॉल त्यांच्याकडून काढून घेतलं. बाहेरून एक तरुण कोच आला, त्याच्याबरोबर बाहेरच्याच चार-पाच तयार पोरी. कोचला लिफ्टर म्हणून मी हवी होते आणि खेळले तर फी पुन्हा माफ होणार होती. मला ते नको वाटत होतं. मी सरांना म्हटलं, मी नाही खेळणार. त्यांनी मला दखनीत झापलं, घरात, पहिल्यांदाच. मग मराठीत म्हणाले, “माझ्यासाठी बसू नको. खेळायला आलीस, खेळ. त्या पोरींनी काय केलंय? त्याबी घर सोडूनच आल्यात.” मी खेळले. त्या पोरी खरंच चांगल्या होत्या, आणि त्यांना समजून घ्यायला मला फार दिवस लागले नाहीत. ते कसं करायचं हे मला आता येत होतं. त्या वर्षी ढाल आमच्याकडं आली. सर तिकीट काढून कलबुर्गीला आले होते आणि प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होते. जिंकल्यावर मी त्यांच्याकडं धावले तर म्हणाले, “माझ्याच्यानं ह्ये झालं नसतं बग.” त्यांच्या आवाजात कडवटपणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. मला तो सापडला नाही. पण येताना बसमध्ये तुरीची रानं संपेपर्यंत ते नुसते खिडकीबाहेर बघत बसले होते.

त्यानंतरचं वर्ष मी तिथं नव्हते, पण मला सगळं कळत होतं. आणलेल्या पोरी पदव्या घेऊन आपापल्या गावी गेल्या, कोचला दुसरीकडं चांगली जागा मिळाली. जवळच्या खेड्यांतून कुणी नवीन येत नव्हतं. मैदानावर नेट लावायलाही माणूस उरला नाही. सेक्रेटरींनी सरांना बोलावून पुन्हा संघ बांधायला सांगितलं, तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती. तरी ते हो म्हणाले. मी फोनवर विचारलं, कशाला हो म्हणालात, तुम्ही निवृत्त होईपर्यंत त्यातली एकही तयार होणार नाही कॉलेजात. ते म्हणाले, पोरी कॉलेजच्या नसतात, गावच्या असतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी तेच खटकचिंचोळीच्या शाळेच्या मैदानावर चालू ठेवलं.

रेणुका आज कलबुर्गीला पोलिसात आहे. मी बीदरला एका शाळेत खेळ शिकवते आणि तिथल्याच नौबाद भागात राहते. सरांच्या घरी माझं जाणं-येणं कधी थांबलं नाही. गेल्या वर्षी त्यांना पोटाचा आजार निघाला. दवाखान्यात जाऊन आले, पुन्हा गेले, मग डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं. काय ते त्यांना समजलं होतं आणि त्यांनी आम्हाला तसं बोलूनही दाखवलं होतं.

एके दिवशी मी त्यांच्याकडंच होते. शाळेच्या पोरी तालुक्याच्या स्पर्धेला गेल्या होत्या आणि पहिल्याच सामन्यात हरून परतल्या होत्या. संध्याकाळी त्या सगळ्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आत यायला कुणी तयार नाही. सरांनी हाक मारली तशा एकेक करून आत आल्या. त्यांच्यातली सगळ्यात बारकी, भाग्या, भिंतीला टेकून रडत होती. तीच लिफ्टर. ती म्हणाली, माझ्यामुळं हरलो, सर, माझ्या जागेवर दुसरी कुणीतरी घ्या.

सरांना उशीला टेकून बसवावं लागत असे. काकूंनी बसवलं. त्यांनी तिला जवळ बोलावलं. बोलायला त्रास होत होता, म्हणून शब्द तुटक येत होते.

“दुसरी कशाला?” ते म्हणाले. “तूच लागतीस मला.”

मग त्यांनी तिला पुढच्या वर्षीचं सांगायला सुरुवात केली. उन्हाळ्यात पायांचं काम. शाळा सुरू झाल्यावर उडी. दिवाळीनंतर बॉल वेगानं. तिनं डोळे पुसले आणि मान हलवत ऐकत राहिली. मध्येच तिनं विचारलं की दिवाळीनंतर सकाळी यायचं की संध्याकाळी. सर म्हणाले, सकाळी ये, सकाळी हात मोकळे असतात. काकू उठून आत गेल्या. मी तिथंच बसून राहिले, कारण पायांचं काम ते कसं सांगतायत, ते मला नीट ऐकून घ्यायचं होतं.

महिन्याभरात सर गेले. त्यांच्या शेतात, बांधाच्या कडेला त्यांना मातीत ठेवलं. कुठून कुठून पोरी आल्या होत्या, कडेवर मुलं घेऊन, वर्दीत, कामाच्या कपड्यांत. बाहेरून आणलेल्या त्या संघातल्याही दोघी आल्या होत्या.

उन्हाळा लागला तसं मी रविवारी सकाळच्या बसनं नौबादहून खटकचिंचोळीला जायला लागले. भाग्या माझ्या आधी येऊन नेट बांधून ठेवते. पाय अजून उशिरा उचलते ती, पण उचलते.